सोयाबीनच्या सोबतीने वाढणारी तूर : निवड प्रकल्पाच्या नोंदी, खरीप २०२३

१२ मे २०२३, परभणी

बियाण्याची पाकिटे आज भरून झाली. बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६ यांचा संकर आम्ही २०२० च्या नोव्हेंबरात केला होता. दोन्ही वाण बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे आहेत. पहिला पांढऱ्या दाण्याचा, साधारण १५० ते १५५ दिवसांत येणारा. दुसरा लाल दाण्याचा, १७० ते १८० दिवस घेणारा, मर आणि वांझ या दोन्ही रोगांना दाद न देणारा. गेल्या खरिपात या संकराची दुसरी पिढी होती. तिचे बियाणे तेव्हाच दोन भागांत विभागले, एक भाग सलग तुरीच्या वाफ्यात पेरला आणि दुसरा सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी अशा पट्ट्यात. दोन्हीकडून सोळा-सोळा झाडे निवडली. त्या बत्तीस झाडांच्या वंशओळी, म्हणजे एकेका झाडाच्या बियाण्यापासून वाढवलेल्या ओळी, यंदा दोन्ही पद्धतींत शेजारी शेजारी उभ्या राहतील आणि जोडीला दोन्ही मूळ वाण तुलनेसाठी असतील.

हा सगळा खटाटोप एका प्रश्नासाठी आहे. मराठवाड्यातील बहुतेक तूर सलग पेरली जात नाही. ती सोयाबीनमध्ये असते, कपाशीत असते, कुठे मूग-उडदाच्या जोडीला असते. वाणाची निवड मात्र पिढ्यान्‌पिढ्या सलग वाफ्यात होते, जिथे प्रत्येक झाडाच्या शेजारी तुरीचेच दुसरे झाड असते. जे झाड आपल्या भावंडांच्या गर्दीत उत्तम ठरते तेच परक्या पिकाच्या शेजारीही उत्तम ठरेल, असे आपण गृहीत धरून चालतो. ते गृहीतक तपासून पाहायचे आहे.

२७ जून

पाऊस परवा, म्हणजे २५ तारखेला राज्यभर पोहोचल्याचे जाहीर झाले, परंतु आमच्या प्रक्षेत्रावर जमीन अजून नीट भिजलेली नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही, हा नियम प्रयोगालाही लागू आहे. उशिरा पेरणीचा तुरीवर होणारा परिणाम मात्र ध्यानात ठेवावा लागेल. तूर लहान दिवसाची वनस्पती असल्याने दिवस आखडू लागले की ती वयाचा फारसा विचार न करता फुलोऱ्यात जाते, आणि पेरणी जितकी लांबते तितकी तिची कायिक वाढीची मुदत कमी होते.

६ जुलै

पेरणी झाली. सोयाबीन जेएस ३३५ तिफणीने पेरले. तूर दोरी धरून टोकली, कारण एका झाडाचे बियाणे मोजकेच असते आणि तिफणीत ते वाया गेले असते. ओळींतील अंतर ४५ सेंटिमीटर, दोन तुरीच्या झाडांत २० सेंटिमीटर. सलग तुरीच्या ओळींत ९० सेंटिमीटर. सर्व बियाण्याला ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) आणि रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत नत्र स्थिर करणारे जिवाणू) यांची प्रक्रिया केली. ओळी दक्षिणोत्तर घेतल्या आहेत.

रेणापूर तालुक्यातील एका शेतकरी दादांच्या शेतावरही दहा वंशओळी दिल्या. तिथे बियाणे कमी पडले म्हणून सलग वाफा घेता आला नाही. तिथली जमीन मध्यम ते हलकी आहे, वीतभर खणले की मुरूम लागतो. आमच्या प्रक्षेत्रावरची काळी जमीन खोल आहे. या फरकाचे मोल मला बत्तीस ओळींपेक्षा कमी वाटत नाही.

२ ऑगस्ट

पेरणीला २७ दिवस झाले. सोयाबीन जोमात आहे आणि तूर नेहमीप्रमाणे मागे आहे. पहिले ४५ ते ६० दिवस तुरीची वाढ मंद असते. वर फारसे काही दिसत नाही, खाली सोटमूळ उतरत असते. हा मंदपणाच आंतरपिकाचा पाया आहे. सोयाबीनला अन्न, पाणी आणि ऊन ज्या महिन्यांत लागते त्या महिन्यांत तूर फार मागत नाही, आणि तुरीची भूक वाढते तेव्हा सोयाबीन पानगळीला आलेले असते. वाण तयार करणाऱ्यांना लवकर येणाऱ्या तुरीचे मोठे आकर्षण आहे, आणि हलक्या जमिनीत शेवटच्या टप्प्यातील पाण्याच्या ताणातून सुटण्यासाठी ते योग्यही आहे. तथापि १२० दिवसांची तूर सोयाबीनमध्ये पेरली तर दोन्ही पिकांचा दाणे भरण्याचा काळ एकमेकांवर येतो आणि जोडीचा मुख्य फायदा निघून जातो. म्हणून या प्रकल्पात कालावधी फार खाली आणायचा नाही, १५५ ते १६५ दिवसांच्या आसपास राहायचे, असे ठरवले आहे.

एक अडचण इथेच नोंदवून ठेवतो. अलीकडे पुष्कळ शेतकरी तुरीचा शेंडा खुडतात, त्यासाठी आता छोटी यंत्रेही आली आहेत. खुडल्याने फांद्या वाढतात. आम्ही प्रयोगात शेंडा खुडलेला नाही, कारण झाडाची स्वतःची ठेवण पाहायची आहे. पण शेतकरी खुडणारच असेल तर आम्ही निवडलेल्या ठेवणीला किती अर्थ उरतो? पुढील वर्षी दोन्ही प्रकारे पाहावे लागेल.

२ सप्टेंबर

संपूर्ण ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला हा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आहे. सोयाबीन नेमके फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत असताना पाण्याने ओढ दिली.

रेणापूरला काल जाऊन आलो. दुपारी दोन वाजता सोयाबीनची पाने उलटून पांढुरकी दिसत होती, खालच्या पेरांवरची फुले बोट लावताच गळत होती. तुरीची पाने उभी होऊन मिटलेली होती, परंतु शेंडे ताजे होते. ताण असा लागल्यावर वंशओळींतला फरक उघड झाला. क्रमांक ७ आणि २३ या ओळी सर्वांत उंच होत्या, आणि त्यांच्या लगतची सोयाबीनची ओळ दूरच्या ओळीपेक्षा स्पष्टपणे अधिक सुकलेली होती. क्रमांक १९ ची तूर उंचीला कमी, पण तिच्या शेजारचे सोयाबीन दूरच्या ओळीइतकेच हिरवे. म्हणजे ७ आणि २३ यांनी जे पाणी घेतले ते शेजाऱ्याच्या वाट्याचे होते. तुरीपुरते पाहिले तर मी त्या दोघींना पहिला आणि दुसरा क्रमांक दिला असता.

पिकाच्या आदर्श ठेवणीची कल्पना कृषिशास्त्रज्ञ सी. एम. डोनाल्ड यांनी १९६८ साली मांडली, तेव्हा भरघोस उत्पन्नासाठी झाड दुबळे स्पर्धक असावे, असे त्यांनी आग्रहाने सांगितले होते. ते सलग गव्हासारख्या पिकाबद्दल होते, जिथे सारी झाडे एकाच वाणाची असतात आणि कोणी कोणाचे हिरावून घेतले तरी बेरीज तीच राहते किंवा घटते. आंतरपिकात प्रश्न अधिक अवघड होतो. तूर फार दुबळी असली तर सोयाबीन तिला दडपून टाकते. फार जोरकस असली तर सोयाबीनचे नुकसान होते. हवी आहे ती सुरुवातीला सोसणारी आणि पुढे उसळी घेणारी तूर.

१६ सप्टेंबर

परवा पोळा झाला. महिन्याच्या आरंभीच्या पावसाने तूर सावरली. सोयाबीनवर मात्र पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग मोठ्या प्रमाणावर आला आहे. आमच्याकडेच नाही, परिसरातील अनेक गावांतून हीच वार्ता आहे.

आज उंची मोजली. सोयाबीन ५० ते ५५ सेंटिमीटर, तूर ९५ पासून १३० पर्यंत. दुपारी चार वाजता टेप घेऊन सावल्या मोजल्या. पसरट ओळींची सावली पूर्वेकडच्या सोयाबीनच्या दुसऱ्या ओळीपर्यंत जाते, आटोपशीर ओळींची पहिल्या ओळीतच संपते. हे मोजताना एक गोष्ट लख्ख कळली, आणि ती आधीच कळायला हवी होती. आंतरपिकासाठी तुरीचा जो अभ्यास आपल्याकडे झाला तो मुख्यतः ज्वारीच्या सोबतीचा. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत, १९७२ मध्ये तिची स्थापना झाल्यानंतरच्या पहिल्या दशकात, ज्वारी-तूर जोडीवर पुष्कळ काम झाले. ज्वारी उंच, तूर तिच्या सावलीत शंभर दिवस काढायची, आणि ज्वारी कापल्यावर मोकळी व्हायची. १९६४ साली सीएसएच १ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला, त्यानंतर ज्वारी बुटकी आणि लवकर येणारी झाली. तेव्हाच सावलीचा हिशेब एकदा बदलला होता. पुढे मराठवाड्यात खरीप ज्वारी हटून सोयाबीन आले आणि हिशेब उलटाच झाला. आता सत्तराव्या दिवसानंतर सावली तूर टाकते आणि ती सोसते सोयाबीन. जोडीदार बदलला, तरी तुरीकडून काय हवे याची यादी आपण बदललेली नाही.

म्हणून सोयाबीनच्या बाजूनेही निवड झाली पाहिजे. दाणे भरताना थोडी सावली चालणारे, न लोळणारे, ९० दिवसांच्या आसपास रान मोकळे करणारे सोयाबीन या जोडीला जेएस ३३५ पेक्षा अधिक साजेल. हे काम आमच्या आवाक्यात यंदा नाही.

१४ ऑक्टोबर

सोयाबीन काढले. परिसरात सलग सोयाबीन आता हार्वेस्टरने काढतात, पण तुरीचे पट्टे असलेल्या रानात ते यंत्र शिरत नाही, विळाच लागतो. मजुरांचे गुत्ते बॅगेच्या हिशेबाने ठरते, म्हणजे बियाण्याच्या एका बॅगेत जेवढे रान पेरले जाते त्याला इतके रुपये. तुरीचे पट्टे असले की गुत्ते वाढवून मागतात. कारण मला आज, त्यांच्या मागोमाग ओळ धरून चालताना, नीट समजले.

कापणाऱ्या मावशी क्रमांक ७ पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “साहेब, ही तूर पाय पसरून बसलीय. हितं इळा फिरवायला जागा नाई.” मी खाली बसून पाहिले. त्या ओळीच्या पहिल्या फांद्या जमिनीपासून वीतभर उंचीवरच फुटल्या होत्या आणि जवळजवळ आडव्या जाऊन सोयाबीनमध्ये गुंतल्या होत्या. सोयाबीन मुठीत धरले की तुरीची फांदी त्याच मुठीत येत होती. कापणाऱ्याला ती दरवेळी डाव्या हाताने बाजूला सारावी लागे, नाहीतर तीच कापली जाई. आमच्या सुमारे पंधरा फांद्या अशा कापल्या गेल्या, त्यांत कोणाचा दोष नव्हता. क्रमांक १९ आणि ३० मध्ये पहिली फांदी गुडघ्याच्या उंचीला होती आणि खोडाशी लहान कोन करून वर गेली होती. तिथे मावशींचा हात थांबला नाही.

पहिल्या फांदीची जमिनीपासूनची उंची हा रकाना आमच्या नोंदवहीत नव्हता. आज संध्याकाळी सर्व बत्तीस ओळींत प्रत्येकी दहा झाडे मोजून तो भरला. सोयाबीनमध्ये निवडलेल्या सोळा ओळींत ही उंची सरसकट अधिक निघाली, सलग वाफ्यात निवडलेल्यांत कमी. गेल्या वर्षी निवड करताना आम्ही या गुणाकडे पाहिलेही नव्हते. शेजारच्या सोयाबीनमुळे खालच्या फांद्या ज्या झाडांत जगल्या नाहीत, त्या झाडांनी वर शेंगा धरल्या आणि त्या आमच्या डोळ्यांत भरल्या. आमच्याऐवजी निम्मी निवड सोयाबीननेच केलेली होती.

३ नोव्हेंबर

सोयाबीन निघाल्यापासून वीस दिवसांत तुरीचे रूप पालटले आहे. मोकळे रान, कोवळे ऊन आणि डवरणी मिळाल्यावर क्रमांक १९ ने वरच्या निम्म्या भागात इतक्या नव्या फांद्या काढल्या की सप्टेंबरातील तिचे छायाचित्र दुसऱ्या झाडाचे वाटावे. क्रमांक २३ होती तिथेच आहे.

आज क्रमांक १९ आणि ३० यांचा आपसांत संकर केला. उद्या उमलेल अशी पिवळी कळी निवडायची, चिमट्याने पाकळ्या हलकेच उघडायच्या आणि दहाही पुंकेसर एकेक करून काढायचे. त्यांतले नऊ तळाशी जुळलेले असतात आणि एक सुटा असतो, तो सुटाच घाईत राहून जातो. मग दुसऱ्या झाडाच्या ताज्या फुलातील पराग स्त्रीकेसराच्या टोकावर टेकवायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. ६० कळ्या झाल्या.

निवडलेल्या झाडांवर नायलॉनच्या जाळीच्या पिशव्या मागील आठवड्यातच चढवल्या आहेत. तुरीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन बरेच होते, जागेनुसार कमी-अधिक, पण दुर्लक्ष करण्यासारखे कधीच नाही. सात पिशव्यांना वाऱ्याने काट्या घासून भोके पडलेली आज सापडली, आत माशीही दिसली. त्या सात झाडांचे बियाणे शुद्ध मानता येणार नाही. त्यांना लाल खूण केली आणि यादीतून काढले. त्यांत एक झाड क्रमांक ३० मधील सर्वोत्तम होते, याचे फार वाईट वाटते.

२९ नोव्हेंबर

२६ च्या रात्रीपासून अवकाळी पाऊस झाला, मराठवाड्यात अनेक ठिकाणी गाराही पडल्या. बीडीएन ७११ च्या शेंगा पक्व होण्याच्या बेतात होत्या. काहींवर काळे डाग आले आहेत. उशिरा येणाऱ्या ओळींतील फुले झडली. संकराच्या कळ्यांवरचे दोरे मोजले. शेंगा धरल्या होत्या त्यांतल्याही काही गळाल्या. ढगाळ हवेने शेंगा पोखरणाऱ्या अळीची अंडी शेंड्यांवर वाढली आहेत, उद्या निंबोळी अर्क फवारायचा.

८ डिसेंबर

बीडीएन ७११ आणि लवकर येणाऱ्या नऊ ओळींची कापणी केली.

मर रोगाची मोजणीही आज केली. क्रमांक ११ मध्ये सहा झाडे उभी सुकली आहेत. एक उपटून पाहिले. खोडावर बुंध्यापासून वर चढलेला जांभळट पट्टा होता, आणि साल नखाने सोलल्यावर आतील काष्ठात काळपट रेषा थेट मुळापर्यंत गेलेल्या होत्या. ज्वारीच्या आंतरपिकात मर कमी राहते, असे पाटणचेरूच्या प्रयोगांतून पूर्वी दिसले होते. सोयाबीनकडून तसा आधार धरून चालता येत नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती वाणातच असावी लागेल. क्रमांक ११ रद्द केला; दाणे कितीही टपोरे असले तरी.

मुळे धुऊन पाहताना सहकाऱ्याने स्फुरदाची गोष्ट काढली. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल सोडून लोहाला घट्ट धरलेला स्फुरद मोकळा करतात, हे १९९० साली प्रसिद्ध झालेले संशोधन आहे आणि आंतरपिकाच्या बाजूने ते नेहमी सांगितले जाते. पण ते तांबड्या जमिनीबद्दलचे आहे. आमच्या काळ्या जमिनीत स्फुरद मुख्यतः चुन्याशी बांधलेला असतो, म्हणून तो लाभ इथे जसाच्या तसा गृहीत धरणे मला पटत नाही.

११ जानेवारी २०२४, रेणापूर

आज येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. दादांनी आग्रहाने शेतावर बोलावले होते. कडब्याची कोप, तिच्यात पाच पांडव, आंबील आणि भज्जी. भज्जीत तुरीचे हिरवे दाणे होते आणि ते आमच्याच पट्ट्यातले होते, म्हणजे नोव्हेंबरच्या पावसानंतर आलेल्या दुसऱ्या बहराचे. शेंड्याकडची वाढ थांबत नाही अशा तुरीला हा गुण असतो; पहिला बहर गेला तरी ओल मिळताच ती पुन्हा फुलते. दादांच्या दृष्टीने तो विमा आहे. माझ्या दृष्टीने तो कापणी लांबवणारा आणि दाणा असमान करणारा दोषही आहे, आणि दोघांचेही म्हणणे खरे आहे.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बांधावरून एकेक ओळ दाखवली. “सर, सोयाबीनला ४,६०० चा हमीभाव हाय आन्‌ तुरीला ७,०००. पन पैसा आधी सोयाबीनचा येतो. दिवाळी त्याच्यावर व्हती. तुरीनं ते खाल्लं तर मला जमत नाई,” असे ते म्हणाले. क्रमांक १९ त्यांना पसंत आहे. क्रमांक ७ चे बियाणे फुकट दिले तरी नको, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

२४ जानेवारी

वजने पूर्ण झाली. जमीन समतुल्यता गुणोत्तर काढण्याची रीत १९८० साली मीड आणि विली यांनी नीट मांडून दिली, तीच वापरली. समजा, हेक्टरी सलग सोयाबीन २० क्विंटल आणि आंतरपिकात १६ आले, तर ०.८, सलग तूर १५ आणि आंतरपिकात ९, तर ०.६, बेरीज १.४, म्हणजे तेवढाच माल वेगवेगळा पिकवायला १.४ हेक्टर लागले असते. या रीतीत एक खाच आहे. प्रत्येक वंशओळीला तिच्याच सलग उत्पन्नाने भागले तर सलग वाफ्यात निकृष्ट असलेली ओळ भाजक लहान झाल्यामुळे विनाकारण वर चढते. म्हणून सर्वांना एकच भाजक वापरला, यंदाच्या सर्वोत्तम सलग तुरीचा, आणि ती निघाली क्रमांक ७.

सलग वाफ्यातील पहिल्या पाच ओळींपैकी दोनच आंतरपिकाच्या पहिल्या पाचांत आहेत. क्रमांक ७ आंतरपिकात तुरीच्या उत्पन्नात दुसरी आहे, पण शेजारच्या सोयाबीनची घट धरली की बरीच खाली जाते. क्रमांक १९ तुरीत सहावी आणि जोडीच्या बेरजेत पहिली. एका वर्षाचा, तोही इतक्या विचित्र पावसाचा निकाल आहे आणि बत्तीस ओळींवरून नियम सांगता येत नाही. पण ऑगस्टचा ताण आणि विळ्याची अडचण यांत जे डोळ्यांनी पाहिले त्याच्याशी आकडे जुळतात, म्हणून त्यांच्यावर पुढचे पाऊल टाकायला मी तयार आहे.

मलावीत मका आणि तुरीच्या जोडीबरोबरच भुईमूग आणि तूर अशी दोन कडधान्य-तेलबिया पिकांची जोडीही शेतकरी घेतात. भुईमूग सोयाबीनपेक्षाही बुटका, त्यामुळे तिथेही सावली टाकणारी तूरच असते. आमच्या ओळी तिथे चालतील असे मी म्हणणार नाही, पण पहिल्या फांदीची उंची तिथे कोणी मोजते का, हे जाणून घ्यायचे आहे.

निर्णय असे झाले. क्रमांक १९, ३० आणि आणखी पाच ओळी पुढे न्यायच्या. ७ आणि २३ फक्त तुलनेसाठी ठेवायच्या. येत्या खरिपात जेएस ३३५ सोबत एक लवकर येणारे सोयाबीनही जोडीदार म्हणून घ्यायचे, आणि निम्म्या ओळींत शेंडा खुडायचा. ३ नोव्हेंबरच्या ६० कळ्यांपैकी ११ शेंगा हाती आल्या, त्यांतून ४१ दाणे निघाले. त्यांची पहिली पिढी जाळीत वाढवायची. तिच्यापासून मिळणारे सारे बियाणे त्यानंतर सोयाबीनच्या पट्ट्यातच पेरायचे.